पाठीवरचा नंबर

७ फेब्रुवारी

ताई,

आज थोरल्या मास्तरणीला शाळेत सोडलं, धाकट्या पिटुकलीला खालच्या शिवणकामवाल्या काकूंकडे दिलं आणि लॅबमध्ये गेलो. दोन कवळ्यांचे दात मेणात लावून झाले. तिसरी हातात घेतली तेवढ्यात काकूंचा फोन आला, म्हणून घरी परतलो. पिटुकली आमच्या दाराशी पायपुसण्यावर बसली होती. काकूंनी उचललं की किंचाळायची, खाली ठेवलं की गप्प. मला पाहिल्यावर उठली आणि काही झालंच नाही अशा थाटात आत गेली. संध्याकाळी कपडे धुतले. मास्तरणीने पाढे म्हणून दाखवले आणि माझेही म्हणून घेतले.

फोनवर माझ्याकडून 'हं' आणि 'बरं' यापुढे काही येत नाही म्हणून तुम्ही पत्र लिहायला सांगितलंत. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर लिहितो. हो. शाळेचं नवं वर्ष सुरू होईल तेव्हा पिटुकलीला तुमच्याकडे ठेवू. त्यात तिचं भलं आहे असं मला वाटतं. तिची आई या दारातून 'आलेच हं' म्हणून दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून कोणीही दाराकडे वळलं की ही त्याचे पाय धरते. मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेलो तरी. लॅबच्या मालकांनी आतापर्यंत समजून घेतलं, आज मात्र नुसतं घड्याळाकडे पाहिलं. तुमचं घर वेगळं आहे. तिथलं दार तिच्या डोक्यात नाही.

माझ्याच्याने होत नाही, ताई. सकाळी उठावंसं वाटत नाही. उठतो, कारण डबे भरायचे असतात.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळेत पालकांची धावण्याची शर्यत आहे. मास्तरणीने मला न विचारता माझं नाव दिलंय. म्हणते, "बाबा, तू नुसता उभा राहिलास तरी चालेल, पण ये."


१५ फेब्रुवारी

जावईबुवा,

तुमचं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "एवढं तर तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता."

पिटुकलीची काळजी सोडा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे. आमचं घरकाम सकाळीच संपतं, पुढे संध्याकाळपर्यंत करायचं काय हा प्रश्न. आमची आई कामावर जायची तेव्हा तुमच्या बायकोला मीच कडेवर वागवलं. पिटुकलीने खांद्यावर मान टाकली की अगदी तीच मान. ती इथे आली की तुम्हालाही जरा श्वास घेता येईल. थोरलीकडे मात्र लक्ष द्या. तिचं मास्तरीणपण वाढत चाललंय, म्हणजे आत काहीतरी खुपतंय.

आता यांचं. जुनी कवळी लागते म्हणून हे ती खिशात ठेवतात आणि कोणी आलं की लावतात. परवा ती रुमालाबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेली. स्वच्छ झाली, पण आता एका बाजूला उचलते. इथल्या दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलंय, ते कुरियरने तुमच्या लॅबकडे येईल. घरचं काम म्हणून मागे टाकू नका.

शर्यतीत जपून. कंबर धरून बसलात तर शेक द्यायला इथून मलाच यावं लागेल.


४ मार्च

ताई,

आज लॅबला सुटी. पंखे पुसले, मास्तरणीच्या वह्यांना कव्हरं घातली, पिटुकलीचे केस धुतले. तिने डोळ्यांत साबण गेला म्हणून माझ्याही डोळ्यांत घातला.

साडूभाऊंचं माप मिळालं. खालची हिरडी पार सपाट झाली आहे, त्यामुळे जुनी कवळी बसणारच नव्हती. मेणात दात लावून पाठवतो. ते फक्त तोंडात घालून बघण्यासाठी असतात, दात कसे दिसतात, चावा जुळतो का एवढ्यापुरते. डॉक्टरांनी बघून परत पाठवले की त्यावरून पक्की कवळी करतो.

शर्यत झाली. मैदानाला एकच फेरी होती. शेवटचा आलो. कंबर शाबूत आहे.

पिटुकली तशीच आहे. उरलेल्या जागेत मास्तरणीला काही लिहायचंय. मी वाचणार नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

मावशी, बाबाने नवे बूट घेतले. रोज सकाळी काकूंना आमच्याजवळ बसवतो आणि एकटाच बाहेर जातो. कुठे जातोस विचारलं तर लाजतो. आला की आंघोळ करताना गाणं म्हणतो. काकू म्हणतात त्याचा चेहरा उजळलाय. मी सांगितलं म्हणून सांगू नको.


१२ मार्च

जावईबुवा,

हे पत्र लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. मला आडून बोलता येत नाही, तेव्हा सरळच लिहिते. तुम्ही अजून तरुण आहात. कोणी भेटलं असेल तर त्यात गैर काही नाही, आणि माझ्या बहिणीलाही ते गैर वाटलं नसतं. मला थोडं वाटलं. तेवढं मला वाटू द्या. वर्ष होत आलं, ते पुरेसं की कमी, हे ठरवणारी मी कोण.

फक्त एक मागणं आहे. घरात नवीन माणूस यायचं असेल तर पिटुकलीला आधी इकडे आणा. त्या दारातून आणखी कोणी आत-बाहेर करायला लागलं तर पोरीने कोणाकोणाचे पाय धरायचे? नवं वर्ष कशाला, एप्रिलमध्येच आणून सोडा.

हे म्हणतात, "उगाच तर्क करू नकोस, तो माणूस कोणाच्या तोंडाकडे बघतो ते दात मोजायला." पण नवे बूट आणि आंघोळीत गाणं, याचा दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.


१९ मार्च

ताई,

आज मास्तरणीला शाळेत सोडलं आणि तुमचं पत्र लॅबमध्ये जाऊन उघडलं, कारण घरी ते तिच्या तावडीतून सुटलं नसतं. वाचताना मालकांनी विचारलं, "हसताय कशाला?" वर्षभरात मला तिथे हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

कोणी बाई नाही. मी धावतो.

सांगायची लाज वाटत होती. शाळेच्या शर्यतीत मी अर्ध्यावर गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. बाकीचे पालक केव्हाच पोचून गप्पा मारत होते. मास्तरीण दोरीपाशी येऊन म्हणाली, "चाल, बाबा, पण मागे फिरू नको." तसा पोचलो. दुसऱ्या दिवशी गजर व्हायच्या आधी जाग आली. असं फार दिवसांत झालं नव्हतं. लॅबच्या रस्त्यावर एक फलक होता, शहरात पाच किलोमीटरची शर्यत. नाव दिलं आणि घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला.

ताई, कॅलेंडरवर मी कितीतरी महिन्यांत पुढची एकही तारीख लिहिली नव्हती. ज्या होत्या त्या सगळ्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर, ऑपरेशनच्या आणि तपासण्यांच्या. पुढे काहीतरी ठरलेलं असलं की सकाळी उठायला तेवढं पुरतं. उठलो की बूट घालतो, बूट घातले की धावतो, धावून आलो की डबे भराभर होतात. धावण्यातलं यापलीकडे मला काही कळत नाही.

रविवारी ती शर्यत झाली. धावणाऱ्यांना देतात तो नंबर मास्तरणीने माझ्या पाठीवर लावला, चार कोपऱ्यांना चार पिना. म्हणाली, "आपण कोणाच्या मागे आहोत ते मागच्याला कळायला नको का?" मला वाटलं तशीच पद्धत असेल. लोक वळून बघत होते. हळूहळू माझ्या मागे कोणी उरलंच नाही. शेवटच्या माणसाबरोबर राहायला आयोजकांनी एक सायकलवाला ठेवलेला असतो, तेवढा होता. तो म्हणाला, "इतकी वर्षं शेवटच्या माणसाच्या मागे येतोय, पण त्याचा नंबर मला आज पहिल्यांदा दिसला."

पिटुकली काकूंच्या कडेवर होती. निघताना माझा शर्ट सोडेना, किंचाळत होती. जिथून सुटतो तिथेच परत येतो, रस्त्यावर हवा भरलेली मोठी कमान असते. मी तिला म्हटलं, "ही कमान बघ. इथूनच जातो, इथेच येतो." तिचा विश्वास बसला नाही. परत आलो तेव्हा ती रडून रडून झोपली होती. उठवून दाखवलं, "आलो बघ." तिने माझ्या ओल्या शर्टाला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं.

तिला पाठवायचं ठरलं आहे तसंच राहू द्या. शाळेच्या नव्या वर्षाला.


२ एप्रिल

साडूभाऊ,

हे पत्र बागेतल्या बाकावर बसून लिहितोय. हिला वाटतंय मी भाजी आणायला गेलोय.

तुमचे मेणातले दात झकास बसले. इतके झकास, की डॉक्टरांना दाखवायला निघालो तो वाटेत तोंडात आहेत हेच विसरलो आणि टपरीवर गरम चहा प्यायलो. पुढचे दोन दात कपात उतरले. डॉक्टरांनी तोंड खिडकीकडे वळवून हसून घेतलं. हिने मात्र मनसोक्त बोलून घेतलं. तेव्हा पुन्हा लावून पाठवा.

बाईऐवजी बूट निघाले म्हटल्यावर हिच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही, पण त्या दिवशी मला दुसरा चहा न मागता मिळाला.

आता कामाचं. हिने मागची खोली रंगवून घेतली आहे. पक्ष्यांची चित्रं असलेलं कापड आणून पडदे स्वतः शिवले. छोटा पलंग आला. परवा जवळच्या शाळेत जाऊन नावही घालून आली. दुपारी त्या खोलीत जाऊन बसते. मी डोकावलो तर म्हणते, "पडदे नीट पडलेत का बघतेय." बहीण गेल्यापासून हिची दुपार जात नव्हती, आता जाते. मी हे लिहिलं असं कळू देऊ नका.

मला एवढंच विचारायचंय, तुमचा विचार पक्का आहे ना? ऐन वेळी मागे हटणार असाल तर आत्ताच सांगा. हिला दुसऱ्यांदा रिकाम्या हातांनी बसलेलं मला बघवणार नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमच्या गावात दहा किलोमीटरची शर्यत आहे. मुलींना घेऊन या. इथे शेवटच्यालाही केळं देतात, मी चौकशी केली आहे.


११ एप्रिल

साडूभाऊ,

आज तुमचे दात पुन्हा लावले आणि कुरियरला दिले. चहा प्यायचा असेल तर आधी काढून ठेवा. डॉक्टरांनी लवकर परत पाठवले तर पक्की कवळी येताना घेऊन येईन.

माझा विचार पक्का होता. आता नाही.

मागच्या रविवारी इथे आणखी एक शर्यत झाली. पिटुकली कमानीखाली काकूंचा हात धरून उभी राहिली. रडली, पण शर्ट धरला नाही. हल्ली मी लॅबला निघालो की दाराशी येऊन विचारते, "कमान कुठे आहे?" मी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवतो. ती चौकटीकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि मग मला जाऊ देते. रोज नाही, पण बरेचदा. काकूंचा फोन आता क्वचित येतो.

आता तिला पाठवावंसं वाटत नाही. पण शब्द मी दिला होता आणि त्या शब्दावर ताईंनी पडदे शिवले. ज्यांनी माझ्या बायकोला कडेवर वाढवलं त्यांना पत्रातून नाही म्हणायला मला जमत नाही. समोर बसून सांगेन. सांगता आलं नाही तर पिटुकली तिथे राहील, मी शब्द मोडणार नाही. तिची बॅग भरून आणतो आहे. तोवर तुम्ही काही बोलू नका.

दहा किलोमीटर मी आजवर कधी धावलो नाही. त्याची भीती वाटत नाही. या बोलण्याची वाटते.


२९ एप्रिल

ताई,

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. दोघी गाडीत झोपल्या. आज शाळा, लॅब, सगळं नेहमीसारखं. फक्त जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

निघताना तुम्ही पिटुकलीची बॅग माझ्या हातात दिलीत आणि "घेऊन जा" एवढंच म्हणालात. मला तुमच्याशी बोलायचं होतं. आल्यापासून बोलायचं होतं. जेवताना, तुम्ही भांडी घासत होतात आणि मी पुसत होतो तेव्हा. तोंडापर्यंत यायचं आणि मी ताट मांडणीत ठेवायचो. मग तुम्हीच आत निघून गेलात.

साडूभाऊ काही बोलले का? तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. शब्द मी दिलेला आहे. तुम्ही म्हणाल तर शाळा सुरू होताना तिला आणून सोडेन.


६ मे

जावईबुवा,

हे काही बोलले नाहीत. तोंडात दात नसतानाही ज्यांना गप्प बसता येत नाही ते नेमके दोन आठवडे पिटुकलीबद्दल अवाक्षर काढेनात, तेव्हाच मला संशय आला होता.

मी रागावले नाही. आत गेले कारण तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. तुम्ही धावत होतात तेव्हा कमानीपाशी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

पिटुकली माझ्या कडेवर होती. लोक येत गेले, टाळ्या वाजत गेल्या, मग गर्दी पांगली. पाण्याची टेबलं आवरायला लागले. खुर्च्या एकात एक रचून झाल्या. ऊन वाढलं आणि मी सारखी वळणाकडे बघायला लागले. यांना म्हटलं, "अहो, जरा पुढे जाऊन बघून या, कुठे पडले तर नसतील?" मास्तरीणसुद्धा नखं खात होती. आणि कडेवर ही बाई केळं खात होती. मी विचारलं, "बाळा, बाबा अजून कसा आला नाही गं?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला साधं काही कळत नाही. म्हणाली, "मावशी, बाबा शेवटीच येतो." आणि पुन्हा केळं.

तुम्ही कचरा ठेवायला गेलात तरी किंचाळणारी पोर ती.

थोड्या वेळाने माणसं कमानीतली हवा काढायला आली. ही माझ्या कडेवरून उतरली, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा. माझा बाबा यायचाय." आणि ते थांबले हो. दोर हातात धरून चांगले धट्टेकट्टे लोक उभे राहिले. मग वळणावर तुम्ही दिसलात, आणि मागे इथला सायकलवाला.

मी तिथेच ठरवलं. गेलेलं माणूस येतं, उशिरा का होईना येतं, असं तिला आता वाटायला लागलंय. ते मी तिला देऊ शकले नसते, कारण मला स्वतःला तसं वाटत नाही. माझी बहीण कुठल्याच कमानीखालून यायची नाही. आणि पिटुकलीला कडेवर घेऊन त्या पडद्यांच्या खोलीत मी तिचीच वाट बघत बसले असते. एवढ्याशा पोरीवर ते ओझं नको. तुम्ही माझ्यासमोर ताटं पुसत उभे होतात तेव्हा तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळत होतं. तुम्ही म्हणायची वाट बघितली असती तर पोर कॉलेजात गेली असती.

शाळेतलं नाव काढून आले. बाईंनी विचारलं, "का हो, काय झालं?" म्हटलं, "तिचा बाबा धावतो." त्यांना काही कळलं नाही आणि मीही सांगत बसले नाही. पडदे तसेच राहू देत. सुटी लागली की दोघींना पाठवा, न्यायला मात्र तुम्ही स्वतः या.

यांनी मला न विचारता पुढच्या चालण्याच्या शर्यतीत आमची दोघांची नावं दिली आहेत. केळ्यासाठी. सध्या रोज सकाळी आम्ही सराव करतो, म्हणजे मी चालते आणि हे वाटेत भेटेल त्याला थांबवून तुमची कवळी दाखवतात.

एक विचारायचं राहिलं. नंबर छातीवर लावतात हे तुम्हाला अजून कोणी सांगितलं नाही का?


१४ मे

ताई,

आज सकाळी दोघींच्या बॅगा भरल्या. मास्तरणीने त्या उपसून पुन्हा भरल्या. काकूंना तुमच्या बाजूला बहिणीकडे जायचंच होतं, त्यांच्याबरोबर दोघींना गाडीत बसवून आलो. संध्याकाळपर्यंत पोचतील. पिटुकलीला खिडकी हवी होती, मिळाली.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ते लॅबच्या खणात ठेवलंय, मेणाच्या पट्ट्यांच्या बाजूला. ती यायची नाही हे मलाही माहीत आहे. तरी धावताना एखाद्या वळणावर वाटतं. वाटू देतो आणि पुढे जातो.

नंबराचं मला सायकलवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तरणीला सांगितलं तर ती म्हणाली, "पण मग सायकलवाल्या काकांना काय दिसणार?" म्हणून राहू दिलं.

घरातून निघताना पिटुकली उंबऱ्यावर थांबली. माझा शर्ट ओढून मला खाली वाकवलं आणि चौकटीकडे बोट केलं. म्हणाली, "इथूनच जाते, इथेच येते. तू रडू नको." मी नाही रडलो. तिने खात्री करून घेतली आणि जिना उतरायला लागली.

कॅलेंडरवर दोन गोल केले आहेत, एक मुलींना न्यायला यायचा आणि एक पुढच्या शर्यतीचा. साडूभाऊंना सांगा, चालण्याच्या शर्यतीत कवळी खिशात ठेवू नका.

आज धावून आलो तो शर्ट अजून खुर्चीवर आहे. मागच्या रविवारच्या शर्यतीचा नंबरही त्याच्यावर तसाच आहे. बादली भरत आली आहे. आता चारही पिना काढून डबीत टाकतो आणि शर्ट भिजत घालतो.